फोन जप्त होऊ दे, शाळा नको!

सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की वाटेत वळसंग लागतं. गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची या रस्त्यावर रीघ असते. इथल्या बायका बोलायला लागल्या की एकाच वाक्यात मराठीतून कानडीत जाऊन परत येतात. त्यातली एक अक्का माझ्या चांगल्या ओळखीची. घरीच मशीन टाकलंय, ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करून देते. दोन लेकरं. मुलगा दहावीत, मुलगी नववीत.

मागे एके दिवशी भरदुपारी तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"ताई, पोरीच्या दप्तरात मोबाईल सापडला बगा. शाळेत बोलावून घेतले होते. आन हे म्हणलालेत, बास झाली शाळा. उद्यापासनं घरीच बसू दे म्हणून."

मी विचारलं, "मोबाईल कुणाचा होता?"

"आमचाच की ओ. ह्यांचा जुना. काच फुटलेला. एसटी चुकली तर घरी कळवायला होतंय म्हणून नेली म्हणती. त्यात मैत्रिणींचे चार फोटू हैत, बाकी काय न्हाई. मी सगळं बघितले."

मग जरा थांबून ती जे बोलली, ते अजून माझ्या कानात आहे. "ताई, दिवाळीच्या आधी पोराच्या दप्तरात बी सापडला होता. तवा ह्यांनी दोन शिव्या घातल्या, सिमकार्ड काढून घेतले, विषय संपला. त्याच्याकडं सापडला तवा मोबाईल वाईट होता. हिच्याकडं सापडला तर पोरगीच वाईट झाली होय?"

मैत्रिणींनो, शाळेतला मोबाईल हा विषय आपण नेहमी अभ्यास, डोळे, मार्क या अंगानं बोलतो. ते बोलायलाच हवं. पण आपल्या गावाकडे या विषयाला आणखी एक टोक आहे. ते टोक मुलीच्या शाळेला जाऊन टोचतं. म्हणून आज दोन्ही गोष्टी बोलू या.

दप्तरात फोन आला कुठून?

आधी हे आठवा, की मुलांच्या हातात फोन दिला कुणी? आपणच दिला! मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनी हप्त्यावर घेतला, कुणी शेजाऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणला. तोवर आपण म्हणत होतो, "मोबाईल ठेव आणि अभ्यासाला बस." त्या जूनपासून म्हणायला लागलो, "मोबाईल घे आणि अभ्यासाला बस." लेकरांनी ऐकलं. आता 'ठेव' म्हटल्यावर ती गोंधळणारच की!

ज्यांना फोन घेणं जमलंच नाही, त्यांची गोष्ट सोलापुरातच घडली. नीलमनगर ही यंत्रमागावर राबणाऱ्या कामगारांची वस्ती. तिथल्या आशा मराठी विद्यालयातल्या शिक्षकांनी २०२० मध्ये वस्तीतल्या घरांच्या भिंतींवरच धडे रंगवून घेतले. अडीचशे-तीनशे भिंतींवर पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या. येता-जाता मुलं भिंतीसमोर थांबायची आणि वाचायची. राम गायकवाड या शिक्षकांच्या त्या कामाची दखल देशभरातल्या वर्तमानपत्रांनी घेतली होती.

आणि याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट पाहा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून धडा मोबाईलवर दिसेल अशी सोय केली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. हा पुरस्कार देणाऱ्या वर्की फाउंडेशनने त्यांच्या कामाबद्दल दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या. एक, त्यांनी मुलांसाठी पुस्तकं त्यांच्या मायबोलीत, म्हणजे कानडीत आणली. दुसरी, गावातल्या मुलींची शाळेतली हजेरी वाढली आणि कोवळ्या वयातली लग्नं थांबली.

बघा, मोबाईल तोच. एका गावात त्यानं मुली शाळेत टिकल्या. दुसऱ्या घरात त्याच्यापायी पोरीची शाळा सुटायची वेळ आली! मग दोष कुणाचा?

बंदी की शिस्त?

'असर' नावाचा पाहणी अहवाल तुम्ही ऐकला असेल. 'प्रथम' ही संस्था देशभरातल्या खेड्यांत घरोघर जाऊन ही पाहणी करते. २०२४ च्या पाहणीत त्यांनी १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना स्मार्टफोनबद्दल विचारलं. शंभरातल्या ८२ जणांना तो वापरता येत होता. मागच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही तरी फोनवर केलं, असं सांगणारे शंभरात ५७ होते. आणि सोशल मीडिया पाहिला असं सांगणारे ७६! म्हणजे 'अभ्यासाला हवाय' हे लेकरू म्हणतं ते अगदीच खोटं नसतं. पण पूर्ण खरंही नसतं.

शाळेत फोन नको हे म्हणणं काही आजचं नाही. सीबीएसई बोर्डाने २००९ मध्येच शाळांना मोबाईलवर निर्बंध घालायला सांगितलं होतं. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळेत मोबाईल वापरायला कायद्याने बंदी केली. 'युनेस्को'च्या २०२३ च्या अहवालात अशी बंदी असलेले देश चारातला एकही भरत नव्हते. २०२४ संपेपर्यंत तो आकडा ७९ वर, म्हणजे शंभरात ४० पर्यंत गेला. ऑस्ट्रेलिया तर आणखी पुढे गेला. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाचं खातंच ठेवता येत नाही.

का, तर त्याच युनेस्कोच्या अहवालात एक साधी गोष्ट दिली आहे. वर्गात एकदा लक्ष फोनकडे गेलं की ते पुन्हा धड्यावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा. खिशात एकदा 'टिंग' वाजलं की गणिताचा निम्मा तास गेलाच म्हणून समजा.

मग सरसकट बंदी घालून मोकळं व्हायचं का? फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टासमोर एका विद्यार्थ्याचं असंच प्रकरण आलं होतं. शाळेत स्मार्टफोन आणण्यावर पूर्ण बंदी घालणं योग्यही नाही आणि जमणारंही नाही, असं कोर्टाने म्हटलं. मग काय करायचं तेही सांगितलं. शक्य असेल तिथे शाळेत आल्यावर फोन जमा करून घ्या, सुटल्यावर परत द्या. वर्गात फोन नको. फोटो काढणं, रेकॉर्डिंग करणं नको. मूल सुरक्षित राहावं, घरच्यांशी संपर्क राहावा यासाठी फोन असेल तर त्याला जागा ठेवा. नियम मोडला तर फोन जप्त करता येईल. आणि नियम ठरवताना पालकांना, शिक्षकांना विचारात घ्या. दिल्लीचा हा निकाल आपल्या शाळांना थेट लागू होतो असं नाही. पण डोकं शांत ठेवून विचार कसा करायचा, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

जप्त करायचा तो फोन. त्या निकालात कुठेही 'पोरीला घरी बसवा' असं नाही!

सात वाजताचा भोंगा

शाळा सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच सांभाळेल. पुढचं काय? पुढचं घर सांभाळतं. आणि घरात आपण असतो, हातात रिमोट नाही तर फोन घेऊन.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. कोरोनानंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा तिथल्या शिक्षकांना दिसलं, की मुलांचं वाचन-लेखनातलं लक्ष उडालंय. सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढे ठेवला. १४ ऑगस्ट २०२२ ला बायकांची सभा बोलावली आणि भोंगा घ्यायचं ठरलं. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद व्हायचे. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलं अभ्यासाला. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावून सांगायचे.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट काय वाटली, सांगू? सात ते साडेआठ म्हणजे मालिकांची वेळ! त्या बायकांनी मुलांना 'तू अभ्यास कर' म्हणून स्वतः मालिका लावली नाही. आधी आपला टीव्ही बंद केला. बाकी भोंगा कुणीही विकत आणील, पण एवढं करायला धीर लागतो.

पुढे आणखी गावांनी हा विषय हाती घेतला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळ्याने २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याला पाचशे रुपये दंड लावला, तेव्हाच संध्याकाळी सात ते नऊ मुलांच्या हाती मोबाईल नको असंही ठरवलं. ठराव करणं सोपं आणि पाळणं अवघड, हे खरंच. पण एका घरानं नियम केला तर लेकरू म्हणतं, "सगळ्यांकडं हाय, मलाच न्हाई." गल्लीनं मिळून केला तर ते तोंड आपोआप बंद होतं. ग्रामसभेचं राहू द्या. आपल्या बचत गटाच्या बैठकीत दहा घरांनी जरी ठरवलं, तरी पुरे आहे.

पोराचा मोबाईल, पोरीचा मोबाईल

आता अक्काच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच 'असर'च्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे शंभरात ३६ होते, तर मुली २७. म्हणजे पोराला फोन आपण स्वतःहून देतो. पोरीला देत नाही, म्हणून ती लपवून वापरते. आणि लपवलेल्या फोनमध्येच खरा धोका असतो. कुणी फोटो मागितला, कुणी धमकावलं, कुणी पैसे मागितले, तर ती सांगणार कुणाला? सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, "तुझ्याकडं फोन आला कुठून?" दुसरं वाक्य येणार, "बास झाली शाळा." मग ती गप्प बसते. नेमकं तेच त्या धमकावणाऱ्याला हवं असतं.

शाळा सुटली की पुढे काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या २२ बायकांनी सांगितलं, की त्यांचं लग्न अठराच्या आत झालं. आपला सोलापूर जिल्हा या सरासरीच्या बराच वर आहे. 'मोबाईल सापडला' हे निमित्त पुरतं हो! आधी शाळा बंद, मग 'घरात बसून काय करणार', मग 'स्थळ चांगलं आलंय'. फुटक्या काचेच्या फोनपासून मांडवापर्यंतचा रस्ता किती जवळचा आहे, हे आईच्याच लक्षात येतं. अक्काच्याही आलं, म्हणून तर ती रडत होती.

तेव्हा घरात एक नियम पक्का करा. मुलगा असो की मुलगी, चूक तीच तर शिक्षा तीच. आणि लेकीला एकदा जवळ बसवून सांगा, "फोनवर काही वाईट घडलं तर पहिल्यांदा मला सांग. मी रागवीन, पण तुझी शाळा बंद करणार नाही." हे वाक्य तिच्या कानावर संकट यायच्या आधी पडलं पाहिजे.

शाळेला काय सांगाल?

शिक्षक-पालक सभेला आपण जातो, सही करतो, चहा घेऊन परत येतो. पुढच्या सभेत जरा तोंड उघडा. शाळेला हे विचारा, सुचवा:

मोबाईलचा नियम लेखी आहे का? वर्षाच्या सुरुवातीलाच तो मुलांना आणि पालकांना द्यावा. फोन सापडला तर किती दिवस ठेवणार, परत कुणाला देणार, हे त्यात स्पष्ट असावं. शिक्षा ठरलेली असली की कुणाच्या मर्जीवर काही राहत नाही.

एसटीनं येणाऱ्या मुलींचं काय? पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्यामुळे वाड्या-वस्त्यांवरच्या मुली शाळेत पोचतात. पण गाडी चुकली, तर अंधार पडेपर्यंत थांब्यावर उभ्या. अशांना साधा, बटणाचा फोन आणायला परवानगी द्यावी. सकाळी हजेरी नंबरच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायचा, शेवटची घंटा झाली की घ्यायचा. नाही तर ऑफिसातल्या फोनवरून घरी बोलायची सोय तरी करावी.

गृहपाठ व्हॉट्सॲपवर का? फळ्यावर लिहून वहीत उतरवून घेतला तर संध्याकाळी 'बाईंनी काय पाठवलंय बघतो' हे निमित्तच उरत नाही.

जप्त केलेल्या फोनमधले फोटो, मेसेज वर्गासमोर कुणी वाचू नयेत. आणि शाळेतून बोलावणं आलं तर नुसतं 'मोबाईल सापडला' एवढंच न सांगता, बापाचा पारा चढेल हे ओळखून दोन शब्द समजुतीचे सांगावेत.

आणि आपण?

घरात रात्री फोन मुलांच्या उशाशी नको. सगळ्यांचे फोन एका जागी चार्जिंगला लावायचे, वडिलांचासुद्धा! फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं. कुठलं ॲप किती वेळ पाहिलं ते त्यात दिसतं, रोजची मर्यादाही घालता येते. 'फॅमिली लिंक' हे गुगलचं ॲप टाकलं तर मुलाच्या फोनची वेळ आपल्या फोनवरून ठरवता येते. आपल्याला जमत नसेल तर लेकराकडूनच शिकून घ्या, त्यात लाज कसली? यूपीआयचा पिन मात्र मुलांना सांगू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने बंदी आली. तरी असा खेळ फोनमध्ये दिसला, तर तो तिथेच थांबवा.

हे नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऑनलाईन पैशाची फसवणूक झाली तर लगेच १९३०. मूल अडचणीत असेल किंवा कुणा मुलीचं लग्न लावून देत असतील तर १०९८. मन फारच खचलं असेल, बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६. फोटोवरून कुणी धमकावत असेल तर मेसेज पुसून टाकू नका. पुरावा म्हणून ठेवा आणि पोलिसांकडे जा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांबद्दलची तक्रार स्वतःचं नाव न सांगताही देता येते.

पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी अक्का एकटीच शाळेत गेली. वर्गशिक्षिका बाईंना म्हणाली, "मोबाईल ठेवून घ्या, महिनाभर ठेवा. पण तिच्या बापाला तुमीच सांगा, शिक्षा एवढीच हाय म्हणून." बाईंनी त्यांना फोन लावला. पोरीचे मार्क सांगितले, विज्ञानात वर्गात दुसरी आहे हे सांगितलं. आठ दिवस फोन शाळेत राहील आणि विषय तिथे संपेल, असंही सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग नुसतं "बरं," एवढंच.

तीन दिवस मुलगी घरी होती. चौथ्या दिवशी ती शाळेत गेली.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. बाप अजून पोरीशी मोजकंच बोलतो. संध्याकाळी तिला यायला दहा मिनिटं उशीर झाला की दारात उभा राहतो. पण अक्कानं घरात एक गोष्ट सुरू केली आहे. भिंतीतल्या दिवळीत, जिथे पूर्वी चिमणी ठेवायचे, तिथे आता सातला सगळे फोन जातात. पोराचा, तिचा स्वतःचा आणि नवऱ्याचाही. नवरा पहिले दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून ठेवला.

"आन मग दोन तास काय करता?" मी विचारलं.

"काय करणार? मी मशीनवर बसती. पोरं अभ्यास करत्यात. हे येरझाऱ्या घालत्यात." ती हसली. "काल पोरीनं ह्यांना विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र दाखवून काय की सांगितले. हे 'हं, हं' म्हणत होते. कळलं न्हाई काही त्यांना. पण ऐकून घेतले, ताई."